पंचवीस मिलिमीटरची प्लेट

अण्णा,

तुम्ही केलेली डाय काल माझ्या टेबलावर आली, म्हणून लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही. निवृत्तीनंतर नऱ्ह्यातल्या एका टूलरूममध्ये मी आठवड्यातून तीन दिवस डाय तपासते. एका लहान कारखान्याने ही दुरुस्तीला पाठवली. पत्र्याला भोकं पाडणारी, वर्षातून चार-सहा वेळाच लागणारी डाय, पण आता पत्रा पंचाला चिकटून वर येतो, त्याला खाली ढकलणाऱ्या स्प्रिंगा थकल्यात. कोपऱ्यात ठोकलेला नंबर पाहिला, तर सातच्या पोटात आडवी रेघ. असा सात आपल्या शेडमध्ये फक्त तुम्ही काढायचात.

धायरीच्या त्या शेडमध्ये तुम्ही सुनेला कामाला आणलंत म्हणून लोक हसले होते. "तुमच्या सुना पदवी घेऊन काय करतात?" एवढंच तुम्ही त्यांना विचारलंत. या डायच्या स्प्रिंगा निवडायचं काम माझ्यावर सोपवलंत. पत्रा जाड, आणि जागा आठच स्प्रिंगांपुरती. लाल स्प्रिंगांचा जोर पुरेना, म्हणून मी पिवळ्या लिहिल्या, सगळ्यात जड भाराच्या. तुम्ही ड्रॉइंग चष्म्याजवळ धरता. कामगार हातातलं काम थांबवून ऐकताहेत.

"सूनबाई, जोर मोजलास. दबणार किती, ते मोजलंस?"

"बारा मिलिमीटर."

"एक्कावन्न लांबीची पिवळी बारा दबेल, पण किती दिवस? महिन्यात तुकडे होतील. जड स्प्रिंग थोडीच दबते, तेवढीच दाबायची असते. कॉलेजात स्प्रिंग हातात धरली होतीस, की नुसती वहीत?"

"वहीत तरी धरली होती."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तुम्ही ड्रॉइंगची घडी करून खिशात घातलीत आणि म्हणालात, "बघतो मी."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण दोघं समोरासमोर बसून भिंतीकडे बघत जेवलो. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिला म्हणावं, आमटी घे." मी म्हटलं, "त्यांना सांगा, घेतली." सासूबाईंनी डाव आपटला. "मी काय पोस्टमन आहे तुमची? जेवताना तरी ते लोखंड बाहेर ठेवा!"

तुमच्या "बघतो मी"चा अर्थ मी माझ्यापुरता लावला, की माझी निवड रद्द झाली. महिन्याभरात भोसरीला नोकरी धरली. डाय तयार झाली तेव्हा तुम्ही सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारलंत, "बघायला येतेस का? उद्या जाणार ती." मी बसची वेळ सांगितली. तुम्ही "बरं" म्हणून वळलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, आणि मी येईल त्याला सांगत राहिले की अण्णांनी माझं ड्रॉइंग मानलं नाही. भाच्यांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा सांगितलं. लोकांना ते ऐकायला आवडायचं.

काल डाय उघडली. आत आठही पिवळ्या. रंग बाहेरून उडालेला, वेढ्यांच्या आतल्या बाजूला तेवढा शिल्लक. मापल्या तर शहात्तर लांबीच्या निघाल्या. एवढी लांब स्प्रिंग बारा मिलिमीटर दाबली तरी तिला ते जड जात नाही. पण ती मावायला वर पंचवीस मिलिमीटरची एक प्लेट जोडलेली आहे, जी माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही. तिच्यात आठ भोकं, आणि प्रत्येकाची कड हाताने कानस मारून गुळगुळीत केलेली. माझी निवड तशीच ठेवून तुम्ही तिला जागा करून दिली होती. तेच दाखवायला त्या सकाळी बोलवत होतात.

ती प्लेट मी पुसत बसले. शेजारच्या फिटरने विचारलं, "मॅडम, प्लेटमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही. प्लेट बरोबर आहे," मी म्हटलं. "हिला हात लावायचा नाही."

हे पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच राहणार. डाय मात्र आज परत गेली. पावती मीच लिहिली. डाय एक, दुरुस्त करून. नव्या स्प्रिंगा आठ, पिवळ्या, लांबी शहात्तर, बसवून. जुन्या स्प्रिंगा सात, परत. आठवी तुटल्यामुळे टाकून दिली.

ती तुटलेली नव्हती, अण्णा.