पेटीतला म्हातारा

ता. ४ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तू आणि जावईबापूही ठीक असालच. नसलात तर लगेच कळव, उगाच लपवू नकोस. तुझी ती सवय मला चांगली माहीत आहे, माझ्यावरच गेली आहेस.

तू येणार हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तिकीट आणि पासपोर्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव. नको, एकाच पिशवीत ठेव, पण ती पिशवी सोडू नकोस. विमानात गार असतं म्हणतात, तर मोजे घाल. तू आता पन्नाशीला आलीस हे मला कळतं, पण कळून काय उपयोग.

फोनवर मला काही सुचत नाही. तू 'आई कशी आहे' विचारतेस आणि मी 'छान' म्हणून मोकळा होतो. म्हणून पत्र लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढे पाण्याच्या पंपावर पान्याशीच गाठ पडली, पेनाशी नाही.

मागच्या वेळी तू विचारलंस, 'बाबा, हल्ली काय फोडताय आणि काय जोडताय?' तर ऐक. भंगारवाल्याकडून एक अ‍ॅकॉर्डियन आणला. भाता ओढला तर आतून उंदरीण निघाली, पिलांसकट. तिने निम्मा भाता कुरतडून बाळंतिणीची खोली केली होती. पिलं मोठी होईपर्यंत मी काही वाद्याला हात लावला नाही. ते मानेतून तुटलेलं व्हायोलिन चिकटवलं, पण मान जराशी वाकडी बसली, आता ते कुठल्याही बाजूने वाजवलं तरी रुसल्यासारखं दिसतं. आणि तेलाच्या डब्याला सायकलच्या ब्रेकची तार लावून एक वाद्य केलं. शेजारचा न्हावी म्हणाला, ''काका, हे वाजवायच्या आधी मला सांगत जा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असतो माझा.''

आता खरी बातमी. तुझ्या येण्यानिमित्त मी आईची पायपेटी दुरुस्त केली! तुला आठवतंय ना, पायाने भाता हलवला की एक सूर आपोआप वाजत राहायचा, कुठलीच पट्टी दाबलेली नसताना? तुमचा तो 'म्हातारा'? शाळेच्या लिलावातून पेटी घरी आली त्याच दिवशी तो कण्हायला लागला होता. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलो तर तुझी आई पेटीच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. ''खबरदार हात लावलात तर! घरात एक जण सारखा कुरकुरतोच आहे, त्याला सोबत राहू दे.'' आणि आपला सा तिने म्हाताऱ्याच्या सुरावर नेऊन ठेवला. पेटी हटत नव्हती, तर बाईच सरकली.

मला मात्र ते कायम खुपत राहिलं. जन्मभर गळत्या बंद करणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात हवा गळते. या वेळी पेटी उघडली. पट्टीखालची लाकडी झाकणी वाकली होती, तिचं कातडं वाळून पापड झालं होतं. नवी झाकणी तासली. कातडं न्हाव्याने दिलं, त्याच्या वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या पट्ट्याचं. लगे हात आवाज काढणारी पितळी जीभ, पेटीवाले तिला सूरच म्हणतात, तीही काढली, हिरवी पडली होती, घासून लखलखीत केली. आता पेटी एकदम गप्प. दाबाल तेव्हाच बोलते.

आईने अजून नीट वाजवून पाहिलेली नाही. सवय व्हायला वेळ लागतोच.

बाकी ती मजेत. काल मला म्हणाली, ''तुम्ही कधी आलात?'' चेष्टेखोर पहिल्यापासूनच आहे.

संध्याकाळी फोन करू नकोस, सकाळी कर.

तुझा बाबा


ता. २२ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं, आणि त्यात एकच प्रश्न चारदा विचारशील असंही नाही. 'बाबा, आई काय म्हणाली?'

सांगतो. आधी हे वाच की तिची तब्येत, म्हणजे रक्तदाब, खाणं, झोप, व्यवस्थित आहे. सांभाळायला बाई येतात त्या चांगल्या आहेत. डॉक्टरही चांगले आहेत, फक्त माझ्याकडे न बघता बोलतात.

पेटी दुरुस्त झाली त्या संध्याकाळी आई रोजच्यासारखी येऊन बसली. पाय ठेवले, भाता हलवायला लागली. हात मांडीवरच. तुला माहीत आहे, ती आधी म्हाताऱ्याला येऊ द्यायची आणि मग सुरुवात करायची. ती थांबली. मी दारात उभा, कौतुकाची वाट बघत, लहान पोरासारखा. तिने पुन्हा भाता हलवला, कान खाली नेला.

''हा कुठे गेला?''

''नीट केला मी,'' मी म्हटलं.

तिने पाय काढून घेतले. ''ही माझी पेटी नाही. माझी आणून द्या.''

मी पट्ट्या दाबून दाखवल्या. कडेचा ओरखडा दाखवला, तू कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने काढला होतास तो. तिने मान हलवली, परक्याच्या घरी नको असलेलं पुढे केलं की हलवतात तशी.

ठमे, तेव्हापासून ती गायलेली नाही. रोज संध्याकाळी बसते, भाता हलवते, वाट बघते आणि उठते.

हे मी तुला लिहिणार नव्हतो. पण डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, नावं जातील, रस्ते जातील, गाणं सगळ्यांत शेवटी जाईल, तेव्हा ते रोज चालू ठेवा. आणि खरोखरच तिला दुपारी काय जेवली ते सांगता येत नव्हतं, पण संध्याकाळी पेटीवर बसली की अख्खं गाणं, शब्दांसकट, कडव्यांसकट. मी ते रोज दारात उभं राहून ऐकायचो. तेवढा वेळ घरात सगळं जागच्या जागी असायचं.

आणि तेच मी बंद केलं, एक गळती बंद करायला जाऊन.

आता मी पेटी परत बिघडवतो आहे. हसू नकोस. नीट करणं सोपं आहे, ठरावीक बिघाड करणं महाकठीण. नव्या झाकणीखाली काडी सरकवली तर सूर किंचाळला. दोरा ठेवला तर नुसती हवा फुसफुसली. जुनी झाकणी मी कचऱ्यात टाकली होती. कचऱ्याची गाडी जिथे रिकामी होते तिथे जाऊन आलो. तिथल्या माणसाने विचारलं काय हरवलंय. मी म्हटलं, एक बिघडलेली फळी. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी पाजलं.

न्हावी म्हणतो, ''काका, अख्ख्या गावाच्या गळत्या बंद केल्यात, आणि एक सुरू करता येईना?'' बोलला आणि त्याचाच चेहरा पडला. मग दुकान बंद करून माझ्यासोबत झाकणी तासत बसला.

शेवटी कशीबशी झाकणी अडकवली, सूर वाजत राहिला. पण तो आता स्वच्छ होता ना. घासल्यामुळे चढला होता. आईने ऐकलं, म्हणाली, ''हा दुसराच कोणी.'' चढलेला सूर उतरवायचा तर पितळी जिभेच्या मुळाशी घासावं लागतं, अगदी हलक्या हाताने. माझा हात हल्ली हलतो. जीभ चिरली आणि तुटून खाली पडली. माझ्या नखापेक्षा थोडी मोठी. तासभर ती तळहातावर घेऊन बसलो होतो.

आता त्या जागी नुसतं भोक आहे.

तुझ्याकडे आईचं गाणं टेपवर आहे का गं? असलं तर म्हाताऱ्याचा आवाज नेमका केवढा होता, ऐकून सांग. नसलं तर राहू दे. आणि तू येण्याचं रद्द वगैरे करू नकोस. की कर? थंडीही सुरू होईल आता. नको, ये.

तुझा बाबा


ता. ६ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. हे पत्र तू निघायच्या आधी पोचायला हवं. पोस्टातल्या बाईंना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, पोचेल आजोबा, आता पेटीत टाका तरी.

टेप सापडली नाही म्हणालीस. असू दे. तुझ्या रडण्याचा आवाज मात्र फोनवर ऐकू आला, तू सर्दी झाल्याचं सांगितलंस तरी. सर्दी अशी होत नाही.

मागच्या सोमवारी मी पेटीच्या मागे जमिनीवर बसलो होतो. मागची फळी काढून अ‍ॅकॉर्डियनमधला एखादा सूर त्या भोकात बसतो का बघत होतो. बसत नव्हता. गुडघे आखडले होते, उठायला कोणाचा तरी हात हवा होता, तेवढ्यात बाई आईला घेऊन आल्या. आई बसली. मी मागे आहे हे तिला दिसत नव्हतं. भाता हलायला लागला. आतून मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला, ठमे. वर खाली, वर खाली, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

ती थांबली. आता उठणार, मला ठाऊक होतं. पायांची हालचाल मंदावली. आणि मी काय केलं, विचारशील तर मला सांगता येणार नाही. त्या भोकापाशी तोंड नेलं आणि म्हाताऱ्याचा आवाज काढला.

माझ्या गळ्याबद्दल तुझी आई काय म्हणायची ते तुला माहीत आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने मला गुणगुणायची बंदी केली होती. पण हा एक सूर मला येतो. इतकी वर्षं तोच तर ऐकला.

भाता पुन्हा जोरात हलायला लागला. आणि ती गायली. तू पाळण्यात असताना म्हणायची ते. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि ते तिसरंही, जे तू झोपल्यामुळे कधीच ऐकलं नाहीस. आवाज कापत होता, पण एक शब्द चुकला नाही. मी मागे तोंड उघडं ठेवून, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पुसायला हात मोकळे असून सुचत नव्हतं. पुसलं असतं तर सूर हलला असता.

तिच्या आवाजाआड चोरून श्वास घेत होतो, पण शेवटी माझा दम संपला. सूर तुटला, तशी तीही थांबली. ''म्हातारा दमला,'' म्हणाली आणि हसली.

मग बाईंना म्हणाली, ''माझी पेटी परत आली. त्या दुरुस्तीवाल्याला सांगू नका हं.''

''कोण दुरुस्तीवाला, आजी?''

''येतो एक. मला चहा करून देतो, चादर घालतो. माणूस फार चांगला आहे हो. पण त्याला मोडकं काही बघवत नाही.''

मी पेटीच्या मागेच होतो.

आता लिहितो ते जे मी सगळ्या पत्रांत टाळत आलो. ती चेष्टा करत नव्हती, ठमे. 'तुम्ही कधी आलात' हे ती मला रोज सकाळी विचारते, आणि मी रोज सांगतो, आत्ताच. मी कोण ते तिला पावसाळ्यापासून माहीत नाही. तुझा कपाटावरचा फोटो ती हातात घेऊन बघते. 'गोड मुलगी आहे, कोणाची आहे?' असं विचारते. मी 'आपली' म्हणतो, तर ती 'वा' म्हणते. तू दारात उभी राहशील आणि ती तुला 'या, बसा' म्हणेल. तुला ते विमानातून उतरल्यावर दारात कळू नये, म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याच्याने झालं नसतं.

तिच्यासमोर 'मी तुझी मुलगी' असं म्हणू नकोस. मी तसं एकदा म्हटलं होतं, मी तुझा नवरा म्हणून. ती घाबरली. दिवसभर पदर घट्ट धरून बसली होती.

त्या सोमवारपासून रोज संध्याकाळी मी आधीच मागे जाऊन बसतो. बाई मला बसायला आणि उठायला हात देतात. न्हावी दुकानातला रेडिओ तेवढा वेळ बंद ठेवतो. ती रोज गाते. पण ठमे, माझी छाती आता पंप राहिलेली नाही. सूर मधेच तुटतो. तुटला की ती थांबते, आणि एकदा थांबली की दर वेळी परत सुरू होतेच असं नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही त्या सोमवारनंतर पुन्हा पोचलेलो नाही. ते कडवं गेलं तर परत कोणाकडून आणायचं? मला येत नाही. तुला तर ते माहीतच नाही.

म्हणून पेटी भिंतीपासून पुढे ओढून घेतली आहे. आता मागे दोघं मावतात, मी न्हाव्याला बसवून पाहिलं. तुझ्यासाठी उशी ठेवली आहे. माझा दम संपत आला की तुझ्या हातावर हात ठेवीन. तिथून तू धर. तुझा आवाज वरचा लागला तरी चालेल, सूर तोच ठेव. तेवढ्यात मी श्वास घेईन, मग तुझा दम संपेल तेव्हा मी धरीन. मधे फट पडू द्यायची नाही. गळती बंद करण्यातलं एवढंच मला जन्मभर आलं.

गाणं संपेपर्यंत तिला हाक मारू नकोस, कितीही वाटलं तरी. तिसरं कडवं आलं की सूर मी धरीन, तू फक्त ऐक. ते तुझंच आहे.

मोजे विसरू नकोस. फरशी गार असते.

तुझा बाबा,
मुक्काम पेटीच्या मागे