पाऊस नसलेल्या उंचीवर

आटपाडी, शनिवार, १९७४

आज आमच्या शाळेत सुमनचं भाषण झालं. माझी लेक, सांगलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते! फार उंचावरून उडणाऱ्या विमानांचा धूर तिथला ओझोन वायू नष्ट करतो, हे तिनं समजावलं. मला उगाच धास्ती, लोक हसतील. तेवढ्यात मेंढरं राखणारे धोंडीबा उठले.

"पोरी, धूर पावसानं धुऊन जात न्हाई व्हय?"

"तेवढ्या उंचीवर पाऊसच नसतो, मामा. धूर वर्षभर तिथंच राहतो."

"म्हंजी वरबी आटपाडीच हाय म्हना!"

सगळे हसले; आमच्या दुष्काळी गावाला हे पुरतं पटलं. सुमननं मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी एवढी वर्षं मास्तरकी केली, माझं एखादं वाक्य कुणी असं उतरवलं का? सोमवारी ती वर्गात हेच सांगणार आहे. धोंडीबांचं नाव घेऊन.