बुधवारचा काटा

३ सप्टेंबर २००३, बुधवार

ब्याऐंशी! दादानं दोनदा तोललं. दोन्ही वेळा ब्याऐंशीच.

दादाच्या आडतीतला मोठा काटा, पोती ठेवायचा. मी फळीवर उभी, आकडे त्याच्या बाजूला, मला नुसती दांडीची पाठ दिसते. हळदीच्या पोत्याला तरी कुठं दिसतं आपलं वजन! "शिले, हलू नको." म्हणलं, "हलत नाही रे, श्वास घेऊन राहिले." वैनी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

औरंगाबादचे डॉक्टर जे म्हणाले ते इथं लिहून टाकते, म्हणजे मनातून हटणार नाही. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. वैनीचं रक्त जुळत नाही, मायला साखर. माझं सगळं जुळलं. पण — "बाई, तुम्ही सत्तर किलोच्या खाली या. मग तारीख देतो. एवढ्या वजनावर तुम्हाला कापणं म्हणजे तुमच्याच जिवाशी खेळ."

बारा किलो! रोज आठशे कॅलरी. हे म्हणाले, "तुझा भाऊ हाय, मी आडवा येणार न्हाई. पण सत्तरच्या वर अर्धा किलो जरी असली तरी सही करणार न्हाई." बरं बाबा.

५ सप्टेंबर

आठशे कॅलरी म्हणजे काय ते कळलं. सकाळी बिनसाखरेचा चहा — चहा कसला, गरम पाणी रुसलेलं. मोड आलेली मटकी मूठभर. दुपारी अर्धी भाकरी, बिनतेलाची पालेभाजी. चारला ताक. संध्याकाळी अर्धी भाकरी, वाटीभर वरण. संपलं.

आणि माझी नोकरी काय? अंगणवाडी! दिवसभर लेकरांना खिचडी वाढायची. जिवनबाई, माझी मदतनीस, पळी पुढं करून म्हणते, "ताई, मीठ बघा जरा." म्हणलं, "तूच बघ माय, माझ्यासमोरून ने ते." दर महिन्याला लेकरांना झोळीच्या काट्यात लटकवते. त्यांचं वाढत नाही म्हणून जीव खालीवर होतो. आता माझं उतरत नाही म्हणून होणार.

१० सप्टेंबर, बुधवार

साडेअठ्ठ्याहत्तर!!! एका आठवड्यात साडेतीन किलो! दादाला म्हणलं, नीट बघ. तो म्हणाला, "माझा काटा खोटं बोलत न्हाई."

हे म्हणाले, "या हिशोबानं दिवाळीला दिसायचीच न्हाई तू."

१७ सप्टेंबर, बुधवार

सत्त्याहत्तर. दीडच किलो. खाणं तेच, चालणं तेच, भूक तर दुप्पट. मग पहिल्या आठवड्यात साडेतीन कसं गेलं आणि आता दीडच काहून? हे काही मला पटेना.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वैनीला ताप. दादाला घेऊन नांदेडला मी गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचं रक्त मशीनमधून धुऊन काढतात.

आत जाताना वजन केलं — एकसष्ट. चार तास मशीनला. बाहेर आला — अठ्ठावन्न! मी तिथल्या पोराला म्हणलं, अहो, हा जेवला नाही, उठला नाही, नुसता पडून होता, तीन किलो गेलं कुठं? तो हसला. "पाणी, मावशी. यांना लघवी होत नाही ना. तीन दिवसांत पिलेलं सगळं अंगातच. ते काढलं."

पाणी! म्हणजे काट्यावर चढतं ते सगळं मांस नसतं. मग मी विचारतच सुटले — माझं पहिल्या आठवड्याचं साडेतीनही पाणीच का? तो म्हणाला, बरंचसं. उपाशी राहिलं की अंग आधी पाणी सोडतं, चरबी मागून. हे डॉक्टर का सांगत नाहीत? सगळ्या रस्त्यानं मी गाडीत तेच बोलले. दादा खिडकीला डोकं टेकून पडला होता, डोळे मिटूनच म्हणाला, "झाली बघा डॉक्टरीण."

त्याचा हात हातात घेतला होता. नुसती हाडं. डोंगरकड्याच्या बाजारात दोन दोन पोती पाठीवर घेणारा माणूस हा.

१ ऑक्टोबर, बुधवार

चौऱ्याहत्तर. चक्कर आली, भिंत धरली. कुणाला सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

प्रतिक्षानं विचारलं, "मम्मी, किडनी काढली की तिथं भोक राहतं का?" पाचवीतलं लेकरू! म्हणलं, नाही गं, दोन असतात, एकीवर भागतं. "मग देवानं दोन काहून दिल्या?" म्हणलं, एक मामासाठी.

भीती वाटते का? वाटते. पाण्याला गेलं, भाकरी थापली, कुठंही वाटते. पण दादा नसलेलं गाव डोळ्यासमोर आणून बघितलं, ते जास्त भ्यायला लावतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

एकाहत्तर! थोडंच राहिलं! वैनीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दादा मात्र काट्यावरचा रुमाल उगीच झटकत बसला.

२७ ऑक्टोबर

भाऊबीज. त्याच्या पुढं ताट, माझ्या पुढं ताट. त्याला मीठ नाही, पाणी मोजून. मला तूप नाही, साखर नाही. मधे करंज्या, चकल्या, अनारसे. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघून असे हसलो की वैनी चिडली — "खायला न्हाई म्हणून हसता व्हय?"

ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मग खाली बघूनच म्हणाला, "आजच्या दिवशी भाऊ देत असतो गं. मी मागून राहिलो." म्हणलं, गप बस. "तुला काही झालं तर त्या लेकराला काय तोंड दाखवू?" म्हणलं, काही होत नाही, अनारसा उचल तो समोरून, जीव चाललाय माझा. हसला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

त्र्याहत्तर?? दोन किलो वर? दिवाळीत एक चकली खाल्ली असेल तर जीभ झडो! दादाला म्हणलं, परत बघ. त्यानं बघितलं. "त्र्याहत्तरच हाय."

५ नोव्हेंबर, बुधवार

बहात्तर. हे बघ, आता मला छडाच लावायचा आहे.

एक — लोणचं. भाकरीशी लिंबाची फोड घेते. मीठ पाणी धरून ठेवतं, नांदेडचा पोरगा म्हणाला होता. दोन — बाईचं महिन्याचं. त्याच्या आधी पाय जड होतात, म्हणजे पाणीच. तीन — पोट साफ नसणं. खाणंच नाही तर साफ काय होणार! आजपासून लोणचं बंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चौऱ्याहत्तर. लोणचं बंद, मीठ अर्धं, तरी दोन किलो चढलं!

तिथंच पोत्यावर बसून रडले. हमाल बघत होते, बघू दे. दादा जवळ आला. "काहून रडून राहिली? सोड हा नाद. घरी जा, पोटभर जेव. माझं काय व्हायचं ते व्हईल." असा राग आला! म्हणलं, तुझं काय व्हायचं ते व्हईल, आणि वैनीचं? मायचं? मी इथं हवा खाऊन राहते ते काय गमतीला?

बिचारा मान खाली घालून उभा राहिला. नंतर वाईट वाटलं. आजारी माणसावर ओरडले.

१६ नोव्हेंबर

महिन्याचं येऊन गेलं. म्हणजे आता बुधवारी उतरायला पाहिजे. बघू माझं डोकं खरं की काटा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साडेबहात्तर. उतरलं! पण दीडच. माझ्या अंदाजानं तीन तरी पाहिजे होतं.

आणि एक अजब गोष्ट. ब्लाऊज लोंबतो. दोन्ही बाजूंनी टाके घातले तरी लोंबतो. पाटल्या कोपरापर्यंत सरकतात. जिवनबाई म्हणाली, "ताई, गाल कुठं ठेवून आल्या?" मग ऑक्टोबरात एकाहत्तर होते तेव्हा हाच ब्लाऊज घट्ट काहून होता? चरबी जाऊन वजन राहतं म्हणजे हाडं जड झाली का? असं होतं का? कुणाला विचारावं?

हे म्हणाले, "तुझ्या मनावरचं वजन असंल ते." ह्यांचं आपलं काहीतरी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नांदेड. वैनीसोबत मीही गेले, मुद्दाम. तिथला पेशंटचा काटा डोळ्यासमोर. चढावं म्हणून चप्पल काढली, तर दादा एकदम — "तिथं नको! ते आजाऱ्याचं हाय. धडधाकट माणसानं चढू न्हाई." असं कधीपासून मानायला लागला हा? पण त्या दारात त्याच्याशी काय वाद घालायचा. चप्पल घातली.

बसस्टँडवर लाल दिव्याचं यंत्र आहे, रुपया टाकला की तिकीट पडतं. टाकला रुपया. सदुसष्ट! मागं छापलेलं — आपला स्वभाव शांत आहे. वैनी म्हणाली, "मग तर हे यंत्र खोटंच."

दादाला तिकीट दाखवलं. "ती यंत्रं सगळ्यांनाच कमी सांगतात. लोक खूश व्हतात, परत रुपया टाकतात." खरं असेल. पण साडेपाच किलो कमी? अर्धा-एक किलोची लबाडी समजू शकते. साडेपाच म्हणजे अति झालं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चौऱ्याहत्तर. काल सदुसष्ट, आज चौऱ्याहत्तर. रात्रीतून सात किलो पाणी? मी काय मोट आहे का?

१ डिसेंबर

एसटीडीवरून डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, तीन महिने आठशेवर राहिलात, आता याच्या पुढं नको, थांबवा. या महिन्यात सत्तरच्या खाली नाही आलात तर तुमचा विचार सोडून द्यावा लागेल. दुसरं कोणी मिळेपर्यंत भाऊ मशीनवरच. किती दिवस काढेल? विचारलं मी. ते म्हणाले, असं सांगता येत नाही बाई. हाताच्या शिरा खराब होत चालल्यात त्याच्या.

फोन ठेवला आणि बूथवाल्याला पैसे द्यायचे विसरले. त्यानं मागून हाक मारली.

२ डिसेंबर

दिवसभर एकच विचार. काटाच अडकत असेल तर? हळदीची भुकटी सगळीकडं बसते त्या दुकानात, दांडीच्या फटीतही बसली असेल. पोत्याच्या वजनात दोन-चार किलो कुणाला कळत नाही, माझ्यात कळतं. पण दादाला असं म्हणायचं कसं? आजूबाजूची दहा गावं त्याच्या काट्यावर माल आणतात, डोळे मिटून. काटा खोटा म्हणलं तर जेवणार नाही दोन दिवस.

न बोलताच तपासते. थंडी आहे, शाल घेता येईल.

३ डिसेंबर, बुधवार

पाच किलोचं लोखंडी माप शालीखाली पोटाशी धरलं आणि चढले. काटा चालत असेल तर मागचे चौऱ्याहत्तर आणि हे पाच, एकोणऐंशी दाखवेल. अडकत असेल तर दाखवणार नाही. एवढंच बघायचं होतं.

दादानं दांडीवरचं वजन सरकवलं. परत सरकवलं. आकडा सांगेचना. मग काट्याला वळसा घालून माझ्यापुढं आला, खाली बसला आणि माझ्या पायावर अंगठा दाबून धरला, नांदेडला डॉक्टर त्याचा दाबतात तसा. तोंड पांढरंफटक. "सूज हाय का गं? लघवी व्हते का बराबर? शिले, बोल ना! आठ दिवसांत पाच किलो... मागच्या बुधवारी सहासष्ट व्हती तू!"

सहासष्ट.

माप काढून फळीवर ठेवलं. त्यानं मापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. वैनी दारात उभी होती, तिलाही कळलं. एवढा राग मला जन्मात कुणाचा आला नाही, आणि एवढी माया पण.

म्हणलं, "पाय सोड दादा. चप्पल घाल. औरंगाबादची गाडी अकराला हाय."