एका बाजूची बोट

४ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सगळे मजेत. गुडघ्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ते दुखत असणार. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

दुकान मुलाच्या हाती देऊन महिना झाला. तेव्हापासून मी घरभर नुसता लुडबुडतोय असं तुझ्या भावजयीचं म्हणणं. परवा तिने मला अक्षरशः हाकलून बाहेर काढलं. फिरत फिरत छंदाच्या सामानाच्या दुकानात शिरलो, तर समोर लाकडी जहाजांच्या पेट्या! बेचाळीस वर्षांनी त्या कोवळ्या लाकडाचा वास घेतला गं.

तीन पेट्या खाली काढायला लावल्या. पहिलीत तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, चौऱ्याहत्तर तोफा, पेटी आपल्या इस्त्रीच्या टेबलाएवढी. तिला तीन वर्षं तरी लागतील. दुसरीत दोन डोलकाठ्यांचं व्यापारी जहाज. तिसरीत एवढीशी वाटाड्या बोट, मोठ्या जहाजांना बंदरात घेऊन येते ती. दुकानातली मुलगी म्हणाली, काका, इतक्या वर्षांनी करताय तर छोटीपासून सुरुवात करा. माझं डोकंच फिरलं. हिच्या जन्माआधी मी जहाजं करत होतो!

ताई, जन्मभर लोकांच्या अंगावर कोट चढवले. स्वतःसाठी म्हणून एकही वस्तू पुरी केली नाही. आता एक करायचीय, आणि केली तर तोफावालीच. तुझं मत कळव. बदलणार नाही मी, पण कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश कमी कर.
तुझा धाकटा

१३ जानेवारी

चि. कात्रीमास्तर,
अनेक आशीर्वाद. गुडघे दुखतातच. मत विचारतोस आणि बदलणार नाही म्हणतोस, तेव्हा तू तब्येतीने ठणठणीत आहेस हे कळलं.

आता ऐक, इथे तुला मध्येच तोडता येणार नाही. बावीस वर्षांचा होतास. तेव्हाही दुकानातली सगळ्यात मोठी पेटी उचलून आणलीस. दोन दिवस जेवणाचं भान नव्हतं. सांगाड्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या चिकटवून मोकळा झालास, आणि दुसऱ्या बाजूला हात घालेपर्यंत डिंक वाळून सगळं जहाज त्या बाजूला ओढलं गेलं. केळ्यासारखं वाकलं बिचारं. तू ते कचऱ्याच्या डब्यात टाकलंस आणि परत लाकडाला हात लावला नाहीस. मी विसरले नाही, आणि तूही विसरलेला नाहीस.

म्हणून सांगते. वॉर्डात मी पस्तीस वर्षं काढली. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्याच दिवशी जिना चढायला निघालेले पुरुष मी पुष्कळ पाहिले, आणि पुन्हा खाटेवर आणून झोपवलेही मीच. तुझा उजवा अंगठा कात्री धरून धरून आखडलाय. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की मी बारीक झालोय, तरी तू टेप लावल्याशिवाय कधी कापड कापलं नाहीस. मग स्वतःच्या वेळेला टेप कुठे गेली रे?

दुसरीही मोडली तर तू तिसरीला हात लावणार नाहीस, मला एवढीच भीती आहे. छोटी घे. राग आला तर येऊ दे.

भावजयीला सांग, तिची बाजू मी धरलीय.
तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. राग आला होता. दोन महिने पत्र नाही म्हणजे कळलंच असेल.

छोटी घेतली. आणली आणि पंधरा दिवस कपाटावर टाकून ठेवली. शेवटी तुझी भावजय म्हणाली की नसेल करायची तर तिथली धूळ तरी पूस. मग बसलो. पहिली पट्टी वाकवायला गेलो, कट्कन मोडली. दुसरी मोडली. अंगठा ऐकेना. तिसरी बसली, पण टोकाशी उचलून आली, एकीवर दुसरी चढली. सगळं उचलून पेटीत भरणार होतो.

आणि सहज त्या सांगाड्याकडे बघत राहिलो. मध्ये सुटलेलं पोट, दोन्ही टोकांना निमुळता. अगं, हे तर माझं रोजचं गिऱ्हाईक! पोट सुटलेल्या माणसाचा कोट शिवताना मध्ये कापड वाढवून भागत नाही, वर आणि खाली काढून टाकावं लागतं. पट्टीचंही तेच. लगेच खाकी कागद काढला, टेप लावली, फासळीफासळीवर खडूच्या खुणा केल्या आणि प्रत्येक पट्टीचा नमुना कापला. टोकांना निमुळत्या केल्या, पाण्यात भिजवल्या. अंगावर कोट बसावा तशा बसल्या!

आणि कोटाचे उजवे-डावे पुढचे भाग आम्ही नेहमी एकावर एक ठेवून जोडीने कापतो. इथेही तसंच केलं. एक पट्टी उजवीकडे, लगेच तिची जोडीदार डावीकडे. बाविसाव्या वर्षी मला हे कुठून कळणार? तेव्हा मी दुकानात काज-बटणं करत होतो, कात्री कुणी हातात देत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटायचं की जहाज सोडून मी कपड्यांत पडलो. तसं नव्हतं गं, शिकतच होतो.

बोट पुरी झाली. कण्यावर दोरा धरून पाहिला, सरळ. दुकानातल्या त्या मुलीने हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, काका, पट्ट्या अशा बसवायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, चाळीस वर्षं दुकानात आलेल्या ढेरपोट्या गिऱ्हाइकांनी. आणि छाती काढून बाहेर पडलो.

पार्सलने पाठवतोय. कुठूनही बघ, कशीही फिरव, खोट काढून दाखव. काढलीस तर मुकाट्याने ऐकेन.

रागावलो होतो ते पोटात घाल.
तुझा धाकटा

९ एप्रिल

चि. मास्तर,
भरभरून आशीर्वाद. बोट पोचली. चष्मा पुसून दोन वेळा तपासली. खोट नाही. असती तर तुला ठाऊक आहे, मी सोडलं नसतं.

आता एक कबूल करते. ते वाकडं जहाज मी कचऱ्यातून काढलं होतं. नर्सेसच्या खोलीपासून या घरापर्यंत बेचाळीस वर्षं ते माझ्याबरोबर आहे. पट्ट्या न लावलेली बाजू भिंतीकडे आणि तू लावलेली सुरेख बाजू बाहेर, असं भिंतीला टेकवून ठेवायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, माझ्या भावाने केलंय, दुसरी बाजू व्हायची राहिलीय. तू यायचास तेव्हा ते कपाटात जायचं.

तुझी बोट मी भिंतीला लावलेली नाही. टेबल ओढून खोलीच्या मधोमध घेतलं आणि तिथे ठेवली. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांना तिच्याभोवती फिरायला लावलं. गुडघे दुखत असताना मीही तीन फेऱ्या मारल्या. कुठूनही बघा म्हटलं, माझ्या भावाने केलीय. बाकी काही सांगावं लागलं नाही.

आता ती तोफावाली पेटी घेऊन ये. मी टेप लावून पाहिली, तुला बसते. तीन वर्षं लागतील म्हणतोस, तर लागू देत. मी आहे.

तुझी ताई