मेथीच्या जुडीशेजारी लिहिलेली वाटणी

आई, परवा कोर्टात तुझा कागद निघाला. वहीतून फाडलेलं पान, त्यावर तुझं अक्षर: खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा. खाली आम्हा दोघांच्या सह्या आणि कोपऱ्यात एक तपकिरी डाग. डाग कसला, ते कोणी विचारलं नाही.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, पंजाबातलं हे खरडचं घर आपल्या तिघांचं होतं. तू फाटकाशी रेहडीवाल्याच्या हातगाडीवरून भाजी घेत होतीस आणि आत स्वयंपाकघरात दादा म्हणत होता, "वरचा मजला भाड्याने देऊ. तू आपला होस्टेलवरच राहा यार." "बाप गेला म्हणून तू बाप झालास?" मी म्हणालो. ओरडा ऐकून तू धावत आलीस तेव्हा त्याच्या हातात माझा गळा होता, माझ्या हातात वरवंटा, आणि त्याच्या कपाळातलं रक्त ओट्यावर गळत होतं. "सुरुवात कोणी केली?" तू विचारलंस. "दादाने," मी म्हणालो. रक्त पुसायच्याही आधी तू त्याच्या थोबाडीत मारलीस. मग मेथीची जुडी सारून तिथेच लिहायला बसलीस. "करा सह्या. नाहीतर मी मेल्यावर एकमेकांचे मुडदे पाडाल." दादा म्हणाला, "कचेरीत नोंदवायला लागेल, आई." "ही लाज कचेरीत नेऊ?"

तिथेच चुकलं. ज्या कागदाने घराची वाटणी होते तो नोंदवावाच लागतो. वाटणी आधी तोंडी झालेली असेल आणि कागद नुसता आठवणीसाठी लिहिला असेल, तरच तो बिननोंदणीचा चालतो. तू गेल्यावर वरच्या मजल्यावरून आमचा दावा लागला. गेल्या महिन्यात दादाने पहारीने माझं दार फोडलं, केसांना धरून मला जिन्यावरून खाली ओढलं. माझा डावा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. माझ्या वकिलांनी शिकवलं, "बस इतना कहना जी, बँटवारा दिवाली पे हो चुका था, माताजी ने बाद में लिख दिया."

मी तसंच म्हणालो. दादाच्या वकिलांनी विचारलं, "जिस दिन कागज लिखा, घर में झगड़ा हुआ था?" "नहीं जी."  दादा कपाळावरच्या खुणेवरून अंगठा फिरवत बसून राहिला.

मजला बहुतेक माझ्याकडे राहील. हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहवतं आहे: दादाने माझा गळा धरला तो वरवंटा बसल्यानंतर.