घोटीव कागदाची शेवंती

गंगापूर रोड, नाशिक
१२ मार्च २००२

प्रिय मनू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला हात रिकामा होत नाही, आणि झालाच तर अंगात त्राण उरत नाही. तुझे तात्या बरे आहेत असं मी सगळ्यांना सांगते, तुला खरं सांगते. लकवा मारून सहा महिने झाले तरी उजवा हात एरवी मांडीवर नुसता पडलेला असतो. चहाचा कप मीच तोंडाशी धरते. एप्रिल लागायच्या आत त्यांना आपल्या हातानं चार घास खाता यावेत, एवढंच माझं मागणं आहे. एवढी घाई का, ते शेवटी लिहिते.

व्यायाम करून घ्यायला वैष्णवी नावाची मुलगी येते. पोरसवदा आहे, पण डोक्यानं पक्की. दाबायला दिलेला रबरी चेंडू तात्यांनी तीनदा गोठ्यात भिरकावला, तेव्हा दिवाळीनंतर तिनं घोटीव कागदाचे चौकोन काढले आणि आम्हाला फुलं करायला बसवलं. म्हणाली, मावशी, घडी घालताना अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतात, नजर एका जागी राहते, डोकंही शांत होतं. तात्या जड जिभेनं म्हणाले, हे काय फूल हाय का, वास नाय, देठ नाय. चाळीस वर्षं शेवंती आणि निशिगंध पिकवलेला माणूस, त्यांचं तरी काय चुकलं? मला हसू आलं, आणि फार दिवसांनी आलं म्हणून रडूही आलं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसतो. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, नखानं घडी दाबायची, कागद उलटवायचा. पहिला महिना नुसते चुरगाळे झाले. तात्या कागदावर चिडायचे, मी तात्यांवर. भावकीत माझं सोशिक म्हणून नाव आहे, पण त्या महिन्यात मी त्यांना काय काय बोलले ते तुला लिहवत नाही. एक मात्र झालं, कागद समोर असला की त्यांचं खेकसणं थांबायला लागलं. माझंही तासभर डोकं रिकामं राहायचं. दिवसभरात तेवढीच काय ती विश्रांती.

संक्रांतीनंतर त्यांची पहिली धड शेवंती झाली, हळूहळू टोपली भरत आली. परवा दळण घेऊन आले तर टोपलीखाली ओलं गोणपाट, आणि तात्या फुलांवर पाणी शिंपडत बसलेले. बाजारात न्यायचं फूल सुकू द्यायचं नाही, ही जन्माची सवय. सगळा लगदा झाला होता, रंग ओट्यावरून ओघळत होता. दोन महिन्यांची मेहनत. मी तोंड उघडलं आणि मग नीट पाहिलं. तांब्या डाव्या हातात होता, शिंपडत होते उजव्या हातानं. बोटं मिटत होती, उघडत होती. त्यांना स्वतःला ते कळलंच नव्हतं. मी आत जाऊन नवे कागद कापायला घेतले.

आता घाईचं कारण. दिवाळीत माझ्या छातीत गाठ लागली. डॉक्टर तेव्हाच ऑपरेशन म्हणत होते, मीच ढकलत ढकलत नऊ एप्रिलवर आणलं. तात्यांना हे ठाऊक नाही. लोकांना वाटतं, मी नवऱ्याच्या हातासाठी जिवाचं रान करते. खरं तर मी परत आलेच नाही तर त्यांना घासासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, म्हणून चाललं होतं. मला भीती वाटते, मनू, आणि मी फार दमले आहे. तुझ्या शाळेत परीक्षा आहेत हे माहीत आहे, तरी महिन्याची रजा काढ आणि सुरगाण्याहून मिळेल त्या जीपनं ये. स्वयंपाक तू कर, औषधं तू दे. पण सकाळी ते सदऱ्याच्या गुंड्यांशी झटायला लागले की मदतीला पुढे होऊ नकोस, पाठ करून उभी राहा. अर्धा तास लागतो. लागू दे.

तुझीच,
आई