डाव्या मडगार्डावरचा लोहचुंबक

बाबा, एक कोडं तुमच्याही ध्यानात आलं असेल. नवी मोटार दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की त्याच क्षणी तिची किंमत उतरते. मग ती वर्षानुवर्षे उतरतच जाते आणि शेवटी भंगारवाला तिला किलोवर मागतो. पण काही मोटारी तिथेही संपत नाहीत. कुणाच्या तरी गोठ्यात, ताडपत्रीखाली, उंदरांनी गादी कुरतडलेल्या अवस्थेत त्या पडून राहतात, आणि एके दिवशी त्यांची किंमत वळते, चढू लागते, चढतच राहते. लोखंड तेच, उलट गंज वाढलेला. मग वाढलं काय? मी याचा पद्धतशीर विचार केला आहे आणि उत्तर सोपं आहे: बघणाऱ्यांचं वय वाढलं. ज्या मुलांनी ती मोटार कुंपणाबाहेरून पाहिली, बॉनेटला बोट लावलं म्हणून ज्यांना हाकललं गेलं, ती मुलं आता पन्नाशीपलीकडे आहेत. त्यांची घरं झाली, मुलंबाळं मार्गी लागली, आणि हातात प्रथमच कशासाठीही न लागणारा पैसा आहे. ती सगळी एकाच वेळी बाजारात उतरतात. मोटारी मात्र असतील तेवढ्याच. हीच मुलं म्हातारी होऊन मेली की भाव पुन्हा कोसळतील. तेव्हा शहाण्याने थांबावं. अडचण एवढीच, की थांबणाराही त्याच मुलांपैकी एक असतो.

मी थांबलो नाही. मुरबाडच्या शेठची ती लाल, दोन आसनांची, उघड्या टपाची परदेशी मोटार मी विकत घेतली. हो, तीच. सिद्धगडाकडच्या वळणावर शेठने ती दगडी कठड्यावर घातली होती आणि तिचा डावा मडगार्ड चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता. मुंबईच्या कारागिरांनी नवा मडगार्ड मागवा म्हणून हात वर केले, आणि मोटार सापगावच्या रस्त्यावरच्या आपल्या शेडमध्ये आली. तो सगळा उन्हाळा तुम्ही तिच्यापाशी बसलात. त्यानंतर उरलेलं सगळं आयुष्य तुम्ही त्या मडगार्डाबद्दल बोलत राहिलात. पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना: "नुसत्या हातोड्यानं काढलाय. पुट्टीचा कण नाय त्यात." शेवटच्या आजारात तुम्हाला माझं नाव आठवत नव्हतं, पण त्या मडगार्डाची गोलाई तुम्ही हवेत हात फिरवून दाखवत होतात. मी पलंगाशी बसून ती पाहत होतो.

तुमचा नियम सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. चेमटलेला पत्रा मागून ठोकून मूळ आकाराला आणायचा, खड्ड्यात पुट्टी भरून वरून रंग मारायचा नाही. पुरावा शेडच्या दारातच सुतळीने टांगलेला असायचा: मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेला, बांगडीसारखा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला लोहचुंबक. रंगाखाली पत्रा असेल तर तो चिकटतो, पुट्टीचा जाड थर असेल तर स्वतःच्याच वजनाने खाली पडतो. गिऱ्हाइकासमोर तुम्ही तो गाडीवर फिरवत असा, आणि गिऱ्हाईक पैसे मोजताना घासाघीस करत नसे.

त्याच उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा देऊन मी शेडमध्ये येऊ लागलो होतो. एका प्रवासी जीपच्या दरवाजाला पोचा आला होता. तुम्ही मला हातोडा दिलात, कसा धरायचा ते मात्र सांगितलं नाहीत. मी दोन दिवस ठोकलं, पत्रा हट्टाला पेटला, तेव्हा उरलेला खळगा मी पुट्टीने भरला आणि आरशासारखा घासला. मला तो सुंदर वाटला होता. शेठ मोटार न्यायला आला तो दिवस. शेठ खुर्चीत बसलेला आहे, त्याच्या हातात चहा आहे, बाकावर चारपाच माणसं आहेत. तुम्ही दारातला लोहचुंबक काढता. सगळ्यांना वाटतं, आता लाल मोटारीला लावणार. तुम्ही चालत माझ्या दरवाजापाशी येता, लावता, हात सोडता. तो पडतो. मग तुम्ही तो उचलून माझ्या गळ्यात घालता आणि म्हणता, "ह्यो बघा माझा पोरगा. ह्याच्यात पत्राच नाय, सगळी पुट्टी." शेठ इतका हसला की बशीत चहा सांडला.

बाजार उठेपर्यंत तो गळ्यातून काढायचा नाही असा तुमचा हुकूम होता. मला त्याच अवस्थेत पाव आणायला स्टँडवर पाठवलंत. पोरांना खेळ मिळाला. ती लांबून खिळे फेकून नेम धरू लागली. घरी आलो तेव्हा आई एकेक खिळा उपटू लागली. तुम्ही जेवायला बसला होतात. म्हणालात, "राहू दे गो. शिकवलेलं कायच चिकटत नाय, खिळे तरी चिकटले." त्या दिवसापासून शहापुरात मी पुट्टी झालो. आजही एखादा म्हातारा त्याच नावाने हाक मारतो आणि मी वळून पाहतो.

मी शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नाही. शिकलो, धातुशास्त्र शिकवू लागलो, आता निवृत्तीला आलो. पण हे तुम्हाला नीट सांगायला हवं: मी तुमचा राग केला तरी तुमचं माप खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. माणूस क्रूर होता, पण हात खरा होता, असं मी स्वतःला समजावत आलो. त्या मडगार्डाच्या मापाने मी कमी भरलो, बस्स. मला ती मोटार हवी होती ती त्यासाठी. ज्याच्यापुढे मी कमी भरलो ते एकदा दारात आणून उभं करायचं होतं.

शेठ वारला आहे. मोटार त्याची मुलगी विकत होती. मी फोन करावा आणि किंमत वाढलेली असावी, असं बरेच महिने चाललं. त्या बाई म्हणाल्या, "सर, मार्केट रोज वर जातंय. तुम्ही विचार करा, मोटार तुमच्यासाठी थांबणार नाही." शेवटी मी आपल्या रंगारीकाकांना बरोबर घेऊन मुरबाडला गेलो. तुमच्या शेडमध्ये रंग मारणारे तेच आता उरले आहेत. मी कुणाचा मुलगा ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी ताडपत्री ओढली आणि मडगार्डावर हात ठेवून अभिमानाने सांगितलं, की हा मूळचाच भाग आहे, इथल्या एका मिस्त्रीने नुसत्या हातोड्याने काढलेला, म्हणून तर एवढी किंमत.

मी खिशातून तुमचाच, तुमच्यामागे माझ्याकडे आलेला लोहचुंबक काढला. उजवा मडगार्ड, दोन्ही दारं, बॉनेट: सगळीकडे तो टक्कन बसला. मी डावीकडे वळलो तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. "तिथं नको लावू रे." मी लावला. तो घसरला आणि फरशीवर पडला. दिव्याच्या मागे, थोडा वर, थोडा खाली, जिथे लावला तिथून पडला. हाताच्या पंजाएवढी जागा होती, बाबा.

परतीच्या वाटेवर काका बोलू लागले. शेठने त्या दिवशी बजावून ठेवलं होतं, की लोहचुंबक लावून दाखवल्याशिवाय मोटार नेणार नाही. "तुझ्या बापानं तो तुझ्या दाराला लावला. शेठ हसला, नि म्हनला, जो पोराला सोडत नाय तो मला काय फसवनार. तशीच नेली मोटार." मी विचारलं, मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत? काकांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं, "सांगून काय झालं असतं? तू शिकलास, सायब झालास. पुट्टी लावून वाईट काय झालं तुझं?"

मी दुसऱ्याच दिवशी त्या बाईंना फोन केला. तो मिस्त्री माझा बाप होता आणि त्याने त्यांच्या वडिलांना फसवलं, हे मी शांतपणे, वर्गात सांगतो तसं टप्प्याटप्प्याने सांगितलं. त्यांनी किंमत उतरवली. तुमच्या अब्रूची सूट मी घेतली. घेताना मला आनंद झाला, हेही तुम्हाला कळावं.

मोटार घरी आल्यावर मी ती जागा खरवडून घेतली. खाली जे दिसलं ते मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवतो. पत्र्यावर पडणारा प्रत्येक घाव त्याला थोडा पातळ करतो आणि थोडा कडक करतो. एका मर्यादेनंतर तो वाकायचा थांबतो आणि फाटतो. तापवून मऊ करता येतो, पण एवढा रुंद, पातळ भाग तापवला तर सगळाच वेडावाकडा होतो. म्हणून उरल्या खळग्यात बेताची पुट्टी भरणं ही लबाडी नाही, ते शहाणपण आहे. तुमच्या हातोड्याच्या खुणा तिथे इतक्या दाट होत्या की बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढी चीर होती. म्हणजे तुम्ही तो फाटेपर्यंत ठोकलात, मग भरलात. पत्रा कुठे थांबतो ते माझ्या दरवाजापाशी चालत येताना तुम्हाला माहीत होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मोटारीच्या कप्प्यात, लोहचुंबकाजवळ ठेवणार आहे. एकच गोष्ट कबूल करायची राहिली. चीर सांधून ती जागा मी पुन्हा पुट्टीनेच भरून घेतली, कारण दुसरा इलाज नाही. गेल्या रविवारी जुन्या मोटारींचा एक शौकीन ती पाहायला आला, मडगार्डापाशी वाकला आणि विचारू लागला. मी म्हणालो, माझ्या वडिलांनी नुसत्या हातोड्याने काढलाय, पुट्टीचा कण नाही त्यात. त्याच्याजवळ लोहचुंबक नव्हता.

कुणाजवळ असेल तर करून पाहावं, सोपं आहे. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून तो रुमालात गुंडाळावा. आधी गाडीवर दोनचार ठिकाणी लावून पत्रा लोखंडाचा आहे याची खात्री करावी. मग मालकाला बोलतं करावं, ज्या जागेबद्दल तो सगळ्यात जास्त बोलतो तिथे लोहचुंबक लावावा, आणि हात सोडावा.